घरची गाय व्यायला झालीये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या दावणीला एक-दोनच गाई आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मोठ्या गोठ्यावर सतत कुठली ना कुठली गाय वित असते, तिथल्या माणसांचा हात बसलेला असतो. घरी मात्र वर्षा-दीड वर्षातून एकदा हा प्रसंग येतो, आणि नेमक्या त्या वेळी जो तो वेगळंच सांगतो. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं मात्र लक्षात ठेवा: वासरू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात आईचा चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, त्याच्या पोटात गेला पाहिजे. जार (वार) पडलेली असो वा नसो, पाडी (मादी वासरू) असो की गोऱ्हा (नर).

गाय नेमकी कधी विणार, हे कसं काढायचं?

भरवल्याच्या (वळू दाखवल्याच्या किंवा रेतन केल्याच्या) तारखेत नऊ महिने नऊ दिवस मिळवा. 1 जानेवारीला भरवली असेल तर 10 ऑक्टोबरच्या आसपास. जर्सी आणि होल्स्टिन संकरित गाई बहुधा या हिशेबाला धरून वितात. गीर, खिल्लार, देवणी, डांगी अशा देशी गाई आठवडाभर पुढे जातात, त्यात काळजीचं काही नाही. तारखेवर दोन आठवडे उलटले आणि कासही भरलेली नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

भरवल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गाभण असल्याची तपासणी करून घेतली नसेल, तर हा सगळा हिशेब अंदाजावर चालतो. माज पुन्हा दिसला नाही म्हणजे गाभण राहिलीच, असं धरू नका.

अजून तीन-चार लिटर दूध देते. आटवलीच पाहिजे का?

हो. सातवा महिना संपला की आटवायला घ्या. विण्याआधी साधारण दोन महिने कास मोकळी राहिली पाहिजे. वासराचं वजन सगळ्यांत जास्त याच दोन महिन्यांत वाढतं, आणि चीकही याच काळाच्या शेवटी कासेत तयार होतो. या दोन महिन्यांत काढलेलं दूध पुढच्या वेतातून वजा होतं.

आधी पेंड आणि खुराक कमी करा, धारेच्या वेळा दोनवरून एकीवर आणा, मग एक दिवसाआड, आणि मग बंद. पाणी तोडून गाय आटवायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडून द्या. शेवटची धार झाली की चारही सडांत सोडायचं औषध डॉक्टरांकडून घ्या. एकदा कासदाह होऊन गेलेल्या गायीला तर ते हवंच.

आटल्यावर खुराक बंद करायचा का? दूध तर देत नाही.

अजिबात नाही. आटवताना आठवडाभर कमी केलेला खुराक पुन्हा हळूहळू वाढवा आणि शेवटच्या दीड-दोन महिन्यांत रोज दीड-दोन किलोवर आणा. सोबत हिरवी वैरण आणि कडबा कुट्टी. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गाभण गाय काढू नका. आमच्या ऊसपट्ट्यात हे सर्रास चालतं आणि त्याचे हाल गाय व्याल्यावर दिसतात, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र आपल्या मनाने कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायची गायीची सवय सुस्तावते, आणि विल्यावर चिकासाठी ते एकदम लागतं तेव्हा गाय खाली बसते. खनिज मिश्रण कोणतं आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आज-उद्या विणार, हे कशावरून ओळखायचं?

आधी कास भरते. पहिलारू कालवडीची तीन-चार आठवडे आधीपासून, जुन्या गायीची कधी कधी अगदी शेवटच्या आठवड्यात. निरण (योनीचं तोंड) सुजून सैल पडतं, घट्ट सोट (चिकट स्राव) लोंबायला लागतो. सगळ्यांत भरवशाची खूण शेपटीच्या बुडाशी असते. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे खचतात, तिथे बोटांनी दाबलं तर एरवी दोरीसारखा ताठ लागणारा बंध मऊ झालेला कळतो. तो पूर्ण सैल लागला की बहुतेक गाई दिवसभरात वितात. सडांवर तकाकी येते, क्वचित चिकाचा थेंब दिसतो. मग गाय वैरण टाकते, ऊठबस करते, शेपटी उचलून धरते, वळून पोटाकडे बघते.

थेंब दिसला म्हणून धार काढून बघू नका. तो चीक वासराचा आहे.

रात्रीच का विते? दिवसा विणं आपल्या हातात असतं का?

पूर्णपणे नाही. पण शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य वैरण सकाळी न टाकता दिवस मावळताना टाकली, तर बऱ्याच गाई दिवसा वितात. खर्च काहीच नाही, करून बघण्यासारखं आहे.

जागा कशी हवी?

कोरडी, मोकळी, बाकी जनावरांपासून बाजूला. फरशी किंवा कोबा असेल तर वाळलेल्या पाचटाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर घाला. कोकणात, मावळात पावसाळ्यात गाय वित असेल तर पेंढा रोज बदला. दावं लांब ठेवा किंवा सोडूनच टाका. आखूड दाव्याला बांधलेल्या गायीला वळून वासरू चाटता येत नाही, कधी कधी वासरू मागे गटारीत घसरतं.

वित असताना आम्ही काय करायचं?

बहुतेक वेळा काहीच नाही. लांब उभं राहून लक्ष ठेवा. गर्दी, मुलांचा आरडाओरडा, कुत्री यामुळे गाय कळा धरून ठेवते.

पाणमोट दिसते, फुटते, मग पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसतं. खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर वासरू सरळ आहे. इथून पुढे जुन्या गायीला तासभर, पहिलारूला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

डॉक्टरांना लगेच बोलवायचं ते अशा वेळी: पाणमोट फुटून तास झाला आणि पुढे काही सरकत नाही. एकच पाय दिसतो. पाय दिसतात पण डोकं नाही. नुसती शेपटी दिसते. खुरांचे तळवे वर आहेत, म्हणजे वासरू बहुधा मागच्या पायांनी येतंय. गाय दोन-तीन तास कळा देऊन थकून गेली. अशा वेळी चार माणसांनी दोर लावून ओढू नये. त्या ओढाओढीत वासराचा पाय जातो, गायीचं मायांग (गर्भाशय-योनीचा भाग) फाटतं किंवा बाहेर येतं. महाराष्ट्रात 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे, फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी. तो आणि गावातल्या डॉक्टरांचा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, कारण ऐन वेळी मोबाईलची बॅटरी संपलेली असते आणि क्रमांक नेमका त्यातच असतो.

वासरू बाहेर आलं पण श्वास घेत नाही!

नाकातोंडातला चिकट बुळका बोटांनी काढा. वाळक्या गवताची काडी नाकपुडीत घालून हलकेच फिरवा, शिंक आली की अर्धं काम झालं. कोरड्या गोणपाटाने छाती आणि पाठ जोरात चोळा. मग आडवं न ठेवता पुढचे पाय दुमडून छातीवर बसवा, दोन्ही फुप्फुसं मोकळी होतात. मागचे पाय धरून उलटं टांगायची पद्धत आहे, पण तसं फार वेळ धरलं की पोटातल्या आतड्यांचा भार छातीवर येतो आणि श्वास उलट अडतो.

श्वास सुरू झाला की वासरू गायीच्या तोंडाशी न्या. तिच्या चाटण्याने ते कोरडं होतं, रक्त खेळतं, आणि दोघांची ओळख पटते. पहिलारू कालवड कधी घाबरून मागे सरते. तिला मारू नका. वासराच्या पाठीवर थोडा भरडा किंवा मीठ भुरभुरा, चाटायला लागते.

नाळेचं काय करायचं?

बहुधा आपसूक तुटते. लांब लोंबत असेल तर पोटापासून दोन-तीन बोटं सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांधा, त्याच्या खाली स्वच्छ ब्लेडने कापा, आणि टिंक्चर आयोडीन एका छोट्या वाटीत घेऊन नाळ त्यात बुडवा. वरवर बोळा फिरवून भागत नाही. सुकेपर्यंत रोज दोनदा. शेण, राख, हळद लावू नका. ओल्या नाळेतून जंतू आत शिरले की आठवड्या-दोन आठवड्यांनी वासराचे गुडघे सुजतात, ते लंगडतं, आणि तेव्हा नाळ कुणाच्या डोक्यातही नसते.

सासूबाई म्हणतात, जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही. खरं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच, वारेतून, रोगांशी लढायची बरीचशी ताकद मिळालेली असते. गायीच्या वासराला ती मिळत नाही. गायीच्या जारेची घडणच अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी द्रव्यं, पलीकडे जात नाहीत. म्हणजे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं संरक्षण जवळपास शून्य असतं. ते सगळं आईने चिकात भरून ठेवलेलं असतं. आणि वासराच्या आतड्यातून ही प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात उतरायची वाट फक्त पहिले काही तास उघडी असते. तासागणिक ती मिटत जाते आणि 24 तासांत बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो फक्त अन्न म्हणून पचतो.

जार पडायला आठ-दहा तास लागू शकतात. तेवढं थांबलात तर त्या वाटेचा चांगला वेळ हातचा गेला. शिवाय उलटंच आहे: वासराने सड ओढले की गायीच्या अंगात जे द्रव्य सुटतं, त्यानेच पान्हा येतो, गर्भाशय आवळतं आणि जार सुटायला मदत होते. सासूबाईंना हे नेमकं असंच सांगा. त्यांना जार लवकर पडायला हवी आहे ना, मग वासरू लवकर लावायला हवं. त्यांच्या काळजीचं आणि आपल्या म्हणण्याचं टोक एकच आहे.

किती चीक पाजायचा, आणि प्यालंय हे कसं कळणार?

वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा, निदान. देशी वासरू 20 ते 25 किलोचं असतं, संकरित 30 ते 35. म्हणजे 25 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत सव्वा ते दीड लिटर, आणि बारा तासांच्या आत परत तेवढाच. जास्त पीत असेल तर पिऊ द्या.

आधी कास आणि सडं कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या, प्रत्येक सडातून दोन चिळकांड्या बाहेर सोडा म्हणजे तोंडाशी बसलेला गठ्ठा निघतो. मग वासराच्या तोंडात सड द्या. नुसतं कासेला ढुशा देत उभं आहे म्हणजे पितंय असं नाही. खरंच पिणारं वासरू शेपटी झटकायला लागतं, तोंडाच्या कडेला पांढरा फेस येतो आणि गळ्याशी घोट उतरताना दिसतो. तसं दिसत नसेल तर काढून बाटलीने पाजा. जबडा वर धरून नळकांड्याने कधीही ओतू नका, फुप्फुसात जातो.

गाय दगावली, किंवा तिला चीकच नाही. आता?

त्याच दिवशी व्यालेली दुसरी गाय गावात असेल तर तिचा मागून आणा. चिकाला कुणी नाही म्हणत नाही. ज्यांच्याकडे जास्तीचा आहे त्यांनी पहिल्या धारेचा चीक स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावा, वर्षभर राहतो. देताना बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा. गॅसवर तापवला तर फाटतो आणि गुण जातो. दूध, अंडं आणि एरंडेल यांचं मिश्रण जुनी माणसं सांगतात. त्याने पोट साफ होईल, भूक भागेल, पण प्रतिपिंडं मिळणार नाहीत. अशा वासराला पुढचे दोन महिने जास्तच जपावं लागतं.

जार पडली नाही तर?

बारा तास वाट बघा. बाहेर लोंबणाऱ्या जारेला वीट किंवा चप्पल बांधू नका, हाताने ओढूही नका. ती आत तुटते आणि राहिलेला तुकडा सडतो. बांबूचा पाला थोडा खाऊ घालतात, घाला, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका. बारा तास उलटले, किंवा घाण वास, ताप, वैरण न खाणं यातलं काही दिसलं, की डॉक्टर.

पडलेली जार गायीला खाऊ देऊ नका, खोल पुरा, कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नका. हात लावताना हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घाला. ब्रुसेलोसिस नावाचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग जारेतून आणि स्रावातून माणसाला होतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या कामात पडूच नये.

व्यालेल्या गायीला लगेच काय खायला द्यायचं?

आधी भरपूर कोमट पाणी, हवं तेवढं. मग बाजरी भरडून गुळात शिजवलेलं कोमट आंबोण. पहिले दोन-तीन दिवस हलकं ठेवा, हिरवी वैरण द्या, आणि पेंड दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. दूध वाढावं म्हणून पहिल्याच दिवशी पाटीभर सरकी पेंड दिली की पोट बिघडतं.

काल व्याली, आज उठतच नाही. मान वळवून बसलीये, कान गार लागतात.

वाट बघू नका, आत्ता फोन करा. हा दुग्धज्वर असण्याची शक्यता फार. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईंना विल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत होतो. शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश दिली की तास-दोन तासांत गाय उठून उभी राहते. उशीर झाला तर दगावते. डॉक्टर येईपर्यंत तिला छातीवर बसती ठेवा, बाजूने गोणी लावा, आडवी पडू देऊ नका. तोंडाने काहीही पाजू नका, तिला गिळता येत नसतं.

ज्या गायीला एकदा झाला, तिला पुढच्या वेतात पुन्हा होऊ शकतो. तिची कास पहिले दोन दिवस पूर्ण रिकामी करू नका.

खरवस कधी करायचा?

वासराचं पोट भरल्यावर. पहिल्या दिवशी त्याला दोनदा पोटभर पाजून उरलेल्यातूनच घ्या. तो इतका दाट असतो की एक वाटी चिकाला दोन-तीन वाट्या साधं दूध लागतं, दुसऱ्या दिवशीच्याला निम्मं, तिसऱ्या दिवशीच्याला बहुधा काहीच नाही. आधी चमचाभर वाटीत घेऊन उकडून बघा. रबरासारखा झाला तर दूध वाढवा, पाझरत राहिला तर चीक. गूळ, वेलची, जायफळ. डेअरीला मात्र पाच-सहा दिवस दूध घालू नका, फाटतं.

पुढे रोज किती दूध द्यायचं?

पहिले दोन महिने वजनाच्या दहावा हिस्सा, दोन वेळांत वाटून. सडाने पाजत असाल तर एक सड वासराचा ठरवून टाका आणि तो खरंच भरलेला सोडा. धार काढून झाल्यावर उरलेल्या चार थेंबांवर वासरू लावणं, हे आपल्याकडची वासरं खुरटण्याचं मोठं कारण आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा तयार खुराक) आणि कोवळं वाळलं गवत समोर ठेवा. चघळता चघळता खायला शिकतं. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून, दूध पितंय तरीही.

वासराला हगवण लागली. दूध बंद करू का?

बंद करू नका. हगवणीत वासरू जंतूंनी मरण्याआधी पाणी आणि क्षार गेल्याने मरतं. दूध थोडं थोडं, जास्त वेळा द्या. मधल्या वेळेत ओआरएस पाजा. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळतं तेच पाकीट, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात. दिवसातून दोन ते तीन लिटर, दुधात न मिसळता, दोन तासांचं अंतर ठेवून.

ताण किती पडलाय हे असं बघा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, दोन-तीन सेकंद तंबूसारखी उभी राहिली तर पाणी बरंच गेलंय. डोळे खोल गेलेत का, तोंडात बोट घातल्यावर चोखतंय का, तोंड आतून गार लागतंय का. चोखणं थांबलं असेल, शेणात रक्त असेल, किंवा ते उठत नसेल, तर सलाईनशिवाय भागणार नाही. आपल्या मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका.

हगवण बहुधा घाणेरड्या बादलीतून, ओल्या जागेतून, किंवा कमी पडलेल्या चिकातून येते. बादली रोज गरम पाण्याने धुवा आणि उन्हात पालथी घाला.

जंताचं औषध कधी?

पहिला डोस 10 ते 15 दिवसांचं असताना, नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी. औषध आणि मात्रा वजनावर ठरते, डॉक्टरांकडून घ्या. माती चाटणं, पोट सुटणं, केस राठ होणं दिसायला लागलं म्हणजे आधीच उशीर झालाय.

जुळं झालं, एक पाडी आणि एक गोऱ्हा. पाडी पुढे गाभण राहील ना?

बहुधा नाही. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि अशा दहातल्या नऊ पाड्या वांझ निघतात. डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन्ही पाड्या असतील तर काळजी नाही.

लसी कोणत्या?

लाळ्या-खुरकूत चौथ्या महिन्यात, एका महिन्याने पुन्हा, मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या सहा महिन्यांचं झाल्यावर, मग दरवर्षी पावसाळ्याआधी. ब्रुसेलोसिसची लस फक्त पाडीला, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान, आयुष्यात एकदाच. ती वेळ चुकवू नका, नंतर देत नाहीत. 2022 मध्ये लम्पीने किती दावणी रिकाम्या केल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तीही दरवर्षी. लस टोचायला येतील तेव्हाच कानात 12 अंकी बिल्लाही मारून घ्या.

गोऱ्हा झाला. त्याला एवढं दूध पाजणं परवडत नाही.

अडचण खरी आहे. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही. पण वसुबारसेला आपण गाय पुजतो ती वासरासकट, आणि वासरू पाडीच आहे का हे तेव्हा कुणी विचारत नाही. चीक आणि पहिल्या महिन्याचं दूध त्यालाही पूर्ण द्या. देशी गाय वासरू जवळ असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही, तेव्हा उपाशी मारलेल्या गोऱ्ह्याचा तोटा धारेतच दिसतो. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचायचा मार्ग धरू नका. तो गायीला घातक आहे आणि कायद्यानेही मना आहे. पुढच्या वेळी पाडीच हवी असेल तर लिंगनिर्धारित रेतमात्रेबद्दल दवाखान्यात विचारा, त्यात दहातल्या नऊ वेळा पाडी होते.

परत कधी भरवायची?

दीड महिन्याच्या आसपास पहिला माज दिसेल, तो सोडून द्या. दोन महिने पूर्ण झाल्यानंतरच्या माजाला भरवा, सोट काचेसारखा स्वच्छ असेल तरच. पांढुरका किंवा पुवाळ असेल तर आधी उपचार. तीन महिने झाले तरी माज नाही, तर खनिज मिश्रण आणि खुराक तपासा आणि डॉक्टरांकडून गर्भाशय बघून घ्या.